पेरूची मडकी ‘मायदेशी परततात’, तेव्हा नक्की काय परत येतं?

जुलै २०२५ संपता संपता पेरूची राजधानी लिमामध्ये गॅसची पाइपलाइन टाकण्यासाठी खोदकाम सुरू होतं. खोदताना दोन थडगी लागली. इंकांच्याही आधीची. एक रिकामं निघालं. दुसऱ्यात साधारण हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे अवशेष होते, सोबत मातीची भांडी आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या काही वस्तू.

लिमाकरांना याचं फार अप्रूप राहिलेलं नाही. पाइपलाइन टाकणाऱ्या कंपनीच्याच सांगण्यानुसार २००४ पासून तिच्या खोदकामात २,२०० हून जास्त वेळा पुरातन अवशेष सापडलेत. सुमारे एक कोटी लोकांचं हे शहर जुन्या वस्त्यांच्या आणि दफनभूमींच्या डोक्यावरच उभं आहे. पेरूच्या कायद्यानुसार अशा कामावर पुरातत्त्वज्ञ नेमावा लागतो. काही लागलं की काम थांबतं, आधी फोटो आणि मोजमाप होतं, मगच भांडं जागेवरून हलतं.

या भागातली मडकी तुम्ही कधी ना कधी स्क्रोल करताना पाहिली असतील. पाणी भरून वाकडं केलं की शीळ घालणारं भांडं. इतका हुबेहूब चेहरा की आत्ता बोलेल असं वाटणारी सुरई. आणि हो, ज्यांच्या फोटोखाली कमेंटमध्ये नुसते हसण्याचे इमोजी पडतात ती कामक्रीडेची भांडीसुद्धा. यातली बहुतेक अखंड राहिली, कारण ती कुणाच्या तरी थडग्यात होती.

अधूनमधून दुसरी एक बातमीही येते. अमुक देशाने पेरूला इतक्या पुरातन वस्तू परत केल्या. फोटोत टेबलावर ओळीने मांडलेली मडकी, मागे हस्तांदोलन करणारे अधिकारी. आम्ही पत्रकार आकडा हेडलाइनमध्ये टाकतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. बातमी खरी असते, चांगलीही असते. पण लिमाच्या खड्ड्यातलं मडकं आणि टेबलावरचं मडकं यांत मोठा फरक आहे, आणि तो त्या फोटोत दिसत नाही.

आधी मडक्यांबद्दल

अँडीज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने उभी असलेली पर्वतरांग. तिचा डोंगराळ भाग आणि शेजारची वाळवंटी किनारपट्टी इथे इंकांच्या आधी हजारो वर्षं अनेक संस्कृती होऊन गेल्या. इंकांचं साम्राज्य त्या मानाने अलीकडचं. पंधराव्या शतकात वाढलं आणि १५३२ मध्ये स्पॅनिश आल्यावर कोसळलं.

मडक्यांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त नाव निघतं ते मोचे लोकांचं. उत्तर पेरूच्या किनाऱ्यावर साधारण इसवी सन २०० ते ८५० या काळात ते राहत होते. त्यांच्याकडे लिपी नव्हती. कुंभाराचं चाकही नव्हतं, ते अँडीजमध्ये कुणाकडेच नव्हतं. दोन भागांच्या साच्यात माती दाबून ते भांडं घडवत. वरती पोकळ नळीची कमान, तिच्या मध्यातून वर निघालेलं तोंड. घोड्याच्या रिकिबीसारखा हा आकार दिसतो, म्हणून अभ्यासकांनी त्याला तेच नाव दिलं (त्या काळी तिथे घोडा नव्हता, ही गंमत वेगळी). शीळ घालणाऱ्या भांड्यात बऱ्याचदा दोन कप्पे जोडलेले असतात. भांडं कलतं केलं की पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं, तिथली हवा बाहेर ढकलली जाते आणि वाटेतल्या शिट्टीतून आवाज येतो. फुंकायची गरजच नाही.

या भांड्यांवर मोचे लोकांनी जवळपास सगळं जग उतरवलं. मासेमारी, हरणाची शिकार, बाळंतपण, आजारी माणसं, आंधळी माणसं, बटाटे, मका, घुबडं, युद्ध, कैदी. लिपी नसलेल्या समाजाचं दप्तरच म्हणा. लिमाच्या लार्को म्युझियममध्ये सुमारे ४५,००० वस्तू आहेत, त्यात बहुसंख्य मडकी, आणि त्यांचं गोदामही प्रेक्षकांना बघता येतं. रांगेत मांडलेले हजारो चेहरे तुमच्याकडे बघत असतात.

थडग्यात मडकी का? मेलेला माणूस संपला असं हे लोक मानत नव्हते. पूर्वज म्हणून त्याचं जिवंतांशी नातं चालू राहायचं. त्याला खायला लागायचं, मक्याची बिअर म्हणजे चिचा प्यायला लागायची. त्यामुळे भांडं कोणाजवळ ठेवलं, डोक्याशी की पायाशी, आत काय होतं, शेजारी कोण पुरलं होतं, या सगळ्याला अर्थ होता.

‘वाकेरो’ म्हणजे कोण?

केचुआ भाषेत पवित्र जागेला किंवा वस्तूला ‘वाका’ म्हणतात. पेरूच्या स्पॅनिशमध्ये जुन्या मातीच्या टेकाडांना तेच नाव पडलं. त्यातून निघणारं मडकं म्हणजे ‘वाको’, आणि ते चोरून खणून काढणारा ‘वाकेरो’. एका पवित्र शब्दाचा प्रवास चोराच्या नावापर्यंत झाला, तो चारेकशे वर्षांत.

सुरुवात राज्यकर्त्यांनीच केली. स्पॅनिश राजवटीत थडगी म्हणजे एक प्रकारच्या खाणीच होत्या. खणायचा परवाना मिळायचा आणि सापडलेल्या मालातून राजाचा वाटा द्यावा लागायचा. १६०२ च्या सुमारास मोचे लोकांच्या ‘वाका देल सोल’ या कच्च्या विटांच्या अवाढव्य वास्तूतलं सोनं काढण्यासाठी चक्क नदीचं पात्र वळवून तिच्यावर पाणी सोडलं गेलं. वास्तूचा निम्म्याहून जास्त भाग वाहून गेला. आज जे उभं आहे तेसुद्धा बघताना मान वर करावी लागते, म्हणजे मूळ किती मोठं असेल याचा अंदाज करा.

स्वातंत्र्य जाहीर केल्यावर वर्षाच्या आत, १८२२ मध्ये पेरूने पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. १९२९ च्या कायद्याने स्पॅनिश येण्याआधीच्या काळातली स्मारकं सरकारची मालमत्ता झाली. कागदावर पेरूचा कायदा बऱ्याच देशांच्या आधीपासून कडक आहे. पण ओसाड वाळवंट, रात्रीची वेळ, हातात लांब लोखंडी सळई. सळई वाळूत खुपसत जायची, जमीन भुसभुशीत लागली की खाली थडगं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात खणलं की माल सापडतो अशी समजूत कित्येक गावांत आहे.

खणणारा बहुतेकदा गरीब शेतमजूर असतो आणि परदेशी गॅलरीत लागणाऱ्या किमतीतला अगदी किरकोळ हिस्सा त्याच्या हातात पडतो. म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला सोयीस्कर वाटतं. विकत घेणारा नसता तर सळई घेऊन रात्री कोण फिरलं असतं? पण थडगं उद्ध्वस्त होतं ते मात्र त्याच्याच फावड्याने. त्याला विकता येईल असं देखणं, अखंड भांडं हवं असतं. हाडं, कापडाचे तुकडे, साधी खापरं तो बाजूला फेकतो.

चित्रातला माणूस थडग्यात भेटला

साधी खापरं फेकल्याने काय बिघडतं, हे समजायला सिपानची गोष्ट लागते.

मोचे भांड्यांवर एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. नग्न कैद्यांचे गळे कापले जातायत, त्यांचं रक्त एका चषकात घेतलंय आणि तो चषक उंची पोशाखातल्या एका योद्ध्याला दिला जातोय. सोबत पक्ष्याच्या रूपातला एक जण आहे, चषक धरलेली एक स्त्रीही आहे. अमेरिकेतले अभ्यासक क्रिस्टोफर डॉनन यांनी जगभरच्या संग्रहांतल्या मोचे मडक्यांच्या फोटोंचा प्रचंड साठा जमवला आणि १९७० च्या दशकात हा प्रसंग ओळखून त्यातली पात्रं वेगळी काढली. तरी प्रश्न राहिलाच. ही पुराणकथा की प्रत्यक्ष घडणारा विधी? मडकी तर बहुतेक चोरबाजारातून आलेली. त्यांना विचारून उपयोग नव्हता.

फेब्रुवारी १९८७ मध्ये उत्तर पेरूतल्या सिपान गावाजवळ वाकेरोंनी एक श्रीमंत थडगं फोडलं. सोनं बाहेर गेलं, पोलिसांना कुणकुण लागली. त्यांनी जप्त केलेला माल ओळखायला जवळच्या म्युझियमचे संचालक वाल्टर आल्वा यांना रात्री बोलावून घेतलं. पुढे धाडीत एक वाकेरो पोलिसांच्या गोळीने मेला. गावकरी चिडलेले होते. अशा वातावरणात आल्वा यांनी त्याच टेकाडावर मुक्काम ठोकून खणायला सुरुवात केली, अक्षरशः पहारा देत.

आधी त्यांना लागली एक लहान खोली, मडक्यांनी गच्च भरलेली. अकराशेहून जास्त मडकी. साच्यातून भराभर काढलेली, साधी, बाजारात फारशी किंमत न येणारी. वाकेरोने ती तुडवून पुढे खणलं असतं. आल्वा यांनी एकेक नोंदवलं. टेकाडात एवढं कोणासाठी पुरलंय, याचा तो पहिला पुरावा होता. पुढे पाय कापलेल्या एका पहारेकऱ्याचा सांगाडा लागला, आणि त्याच्या खाली शवपेटीत तो माणूस, ज्याला आज जग ‘सिपानचा सरदार’ म्हणून ओळखतं.

त्याच्या अंगावरचे दागिने, शिरस्त्राण, हातातला राजदंड, सगळं मडक्यांवरच्या त्या योद्ध्याशी जुळत होतं. त्याच टेकाडातल्या दुसऱ्या थडग्यातला माणूस घुबडाचं शिरोभूषण घालून निजला होता, जवळ चषक. म्हणजे चित्रातला पक्षी-पुजारी. १९९१ मध्ये सान होसे दे मोरो इथे डॉनन आणि लुईस हाइमे कास्तियो यांना एका स्त्रीचं थडगं सापडलं, चित्रातल्या बाईसारखंच शिरोभूषण आणि उंच चषक असलेलं. १९९५ पासून ‘वाका दे ला लूना’च्या एका चौकात स्टीव्ह बुर्जे यांना ७० हून जास्त पुरुषांचे सांगाडे मिळाले. मानेच्या मणक्यांवर कापल्याच्या खुणा, आसपास मुद्दाम फोडलेल्या, गळ्यात दोर असलेल्या कैद्यांच्या कच्च्या मातीच्या मूर्ती.

चित्रातला प्रसंग प्रत्यक्षात घडत होता. त्यातली पात्रं ही खरीखुरी पदं होती, माणसं ती भूषवत होती आणि त्याच पोशाखात पुरली जात होती. मोचे समाजात स्त्रियांकडे सत्ता होती का, या चर्चेलाही त्यामुळे जमिनीतला आधार मिळाला. २००५ मध्ये एल ब्रुहो इथे रेगुलो फ्रांको यांच्या पथकाला गोंदलेल्या हातांची, युद्धाच्या गदांसह पुरलेली स्त्री सापडली, तेव्हा ही चर्चा आणखी पुढे गेली.

आता याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. मोचे चेहऱ्यांच्या सुरयांमध्ये एक माणूस डॉनन यांना पुन्हा पुन्हा दिसला. वरच्या ओठावर जखमेचा व्रण, म्हणून त्याचं नावच पडलं ‘ओठ फाटलेला’. एका भांड्यावर तो दहाएक वर्षांचा पोरगा आहे, दुसऱ्यावर तरुण, तिसऱ्यावर पोक्त. एका माणसाचं वय भांड्यांवर वाढत गेलेलं दिसतं. तो राजा होता? योद्धा? ही भांडी त्याच्याच माणसांबरोबर पुरली की दूरच्या गावांत वाटली गेली? सिपानच्या सरदाराबद्दल असे प्रश्न सोडवता आले. याच्याबद्दल नाही, कारण चेहऱ्यांची बहुतेक भांडी कुठल्या थडग्यातून, कोणाशेजारून निघाली याची नोंदच नाही.

कोर्टात मडकं काय सांगतं?

हा फक्त अभ्यासकांचा प्रश्न नाही. पेरू सरकारने कॅलिफोर्नियातल्या एका संग्राहकाविरुद्ध ८९ वस्तूंसाठी लावलेल्या दाव्याचा निकाल १९८९ मध्ये लागला. पेरू हरला. न्यायाधीशांचं म्हणणं साधारण असं होतं: या वस्तू आजच्या पेरूच्या हद्दीतूनच निघाल्या हे सिद्ध झालेलं नाही. त्या संस्कृतींचा विस्तार आजच्या बोलिव्हिया आणि इक्वेडोरपर्यंत होता. शिवाय त्या नक्की कधी देशाबाहेर गेल्या, हेही दाखवता आलं नाही.

जरा थांबून याचा अर्थ बघा. चोराने पुरावा नष्ट केला आणि पुरावा नाही म्हणून चोरी झालेल्याचा दावा फेटाळला गेला. कायद्याच्या चौकटीत न्यायाधीश चुकले असं म्हणता येत नाही, आणि हेच जास्त खटकतं.

त्यावर उत्तर म्हणून वेगळा रस्ता निघाला. १९९० मध्ये अमेरिकेने सिपान भागातल्या वस्तूंच्या आयातीवर तातडीची बंदी घातली. १९९७ मध्ये पेरूशी व्यापक करार झाला. यादीतल्या प्रकारची वस्तू अमेरिकेत आणायची तर ती कायदेशीर बाहेर पडली, किंवा बंदीच्या आधीच बाहेर होती, हे आणणाऱ्याने दाखवायचं. पुराव्याचं ओझं इकडून तिकडे गेलं, हा खरा बदल. भारताने अमेरिकेशी याच कायद्याखालचा करार केला तो जुलै २०२४ मध्ये, म्हणजे पेरूनंतर तब्बल २७ वर्षांनी. मूर्ती परत आल्याच्या बातम्या आपल्याकडेही अलीकडे वाढल्यात, तेव्हा हा तपशील लक्षात असलेला बरा.

अर्थात, आधीच बाहेर गेलेल्या संग्रहांना हे करार फारसे लागू होत नाहीत.

परत येण्याचेही प्रकार असतात

हायरम बिंगहॅम यांनी १९१२ मध्ये माचू पिचूतली थडगी उकरली आणि हाडं-मडकी येल विद्यापीठात नेली. पेरूचं म्हणणं होतं की हे अभ्यासासाठी उसनं दिलं होतं. प्रकरण शतकभर चिघळलं, कोर्टातही गेलं. शेवटी २०१० मध्ये समझोता झाला आणि २०११-१२ मध्ये हजारो वस्तू व तुकडे पेरूत परतले. ते आता कुस्को शहरात आहेत.

बिंगहॅम यांच्यावर टीका करायला भरपूर जागा आहे. पण एक गोष्ट त्यांच्या पथकाने केली. कुठल्या थडग्यातून काय निघालं, ते वेगवेगळं बांधून, क्रमांक टाकून ठेवलं. त्याचा फायदा किती झाला बघा. सुरुवातीला त्यांच्या तज्ज्ञाने सांगितलं की सांगाडे बहुतेक बायकांचे आहेत. त्यातून माचू पिचू म्हणजे ‘सूर्यकन्यां’चं शहर ही रम्य कथा पसरली (पर्यटक गाईड ती अजून सांगतात). हाडं शाबूत होती म्हणून जॉन व्हेरानो यांना पुढे ती पुन्हा तपासता आली. पुरुष आणि बायका जवळपास सारखेच निघाले. मग लुसी सालाझार आणि रिचर्ड बर्गर यांनी थडग्यांतल्या मडक्यांकडे लक्ष वेधलं. कुठे उत्तर किनाऱ्याच्या धाटणीचं भांडं, कुठे टिटिकाका सरोवराकडचं. म्हणजे इथे पुरलेले लोक साम्राज्याच्या वेगवेगळ्या टोकांहून आणलेले सेवक-कारागीर असावेत. २०२३ मध्ये ३४ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानेही हेच दाखवलं. मडक्यांनी आधी सांगितलेलं हाडांनी नंतर खरं केलं.

चोरबाजारातून पकडलेलं मडकं परत येतं तेव्हा असं काही होत नाही. ते कपाटात जातं, शैलीवरून त्याच्यावर ‘मोचे’ किंवा ‘चिमू’ अशी चिठ्ठी लागते. तीही बरोबर असेलच असं नाही, कारण वाको हुबेहूब बनवणारे कारागीर पेरूत पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांची भांडी ‘जुनी’ म्हणून संग्रहांत शिरलेली आहेत. ती पकडायला भांड्याचा कण काढून प्रयोगशाळेत भाजल्याचा काळ तपासावा लागतो. थडग्यातून नोंदीसह निघालेल्या भांड्याबद्दल ही शंकाच उरत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘इतकी मडकी परत’ अशी बातमी दिसली तर आकड्याच्या पुढे वाचा. ती कधी बाहेर गेली होती, कुठून निघाली हे कुणाला सांगता येतंय का, आणि देणारा नोंदीसुद्धा परत करतोय का? बातमी देणाऱ्यांनीही हे विचारायला हवं, त्यात आम्ही आलोच.

दरम्यान पेरूमध्ये धोका फक्त सळईवाल्याकडून राहिलेला नाही. लिमाच्या आसपास जमिनीला भाव आलाय, आणि मोकळं दिसणारं टेकाड म्हणजे प्लॉट, हे गणित मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. शहरात चारशेहून जास्त पुरातन स्थळं आहेत. काहींच्या भिंतीला लागून घरं आहेत, काहींवर कचरा पडतो. सिपानच्या परिसरात आल्वा यांच्या प्रयत्नांतून गावकऱ्यांची गस्तीची पथकं उभी राहिली, तशी शहरात उभी करणं अवघड आहे. गॅस कंपनीला पुरातत्त्वज्ञ नेमावा लागतो, पण परवानगीच न घेता येणाऱ्या बुलडोझरबरोबर पुरातत्त्वज्ञ येत नाही. २०१३ मध्ये लिमाच्या उत्तरेला एल पारायसो या चार हजार वर्षांपूर्वीच्या स्थळावर जमिनीसाठी यंत्रं घुसवली गेली आणि सहाएक मीटर उंचीची एक वास्तू भुईसपाट झाली. बाकीच्या वास्तू वाचल्या, कारण आसपासच्या लोकांनी आरडाओरडा केला.